रोमात (रीड ओन्ली मोड, म्हणजे नुसतं वाचत) असतानाचे दिवस : तुमचे अनुभव सांगा

अनघा_बडोदे

काल आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सूचना आली. "गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी काहीच लिहिलेलं नाही अशा सदस्यांना रविवारी काढण्यात येईल." खाली सत्तावीस नावं. यादी वाचता वाचता पोटात कालवलं. त्यातल्या निम्म्या बायका माझ्या ओळखीच्या. ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाहीत, पण कोणाच्या घरी काय झालंय हे त्यांना पहिल्यांदा कळतं आणि त्याच पहिल्यांदा दारात येतात. रात्री एकीचा फोन आला. "अगं, मी काय लिहू? नुसतं नमस्कार लिहिलं तर चालेल का?" वय वर्षं ७४. आवाज कापत होता. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

मी स्वतः ११ वर्षं रोमात होते. एका शब्दामुळे.

२००८ सालची गोष्ट. एका मराठी संकेतस्थळावर आजीच्या वस्तूंवर गप्पा चालल्या होत्या. मी दोन दिवस खपून, एकेक अक्षर शोधत एक परिच्छेद टंकला. आजी गेल्यावर तिची कुंकवाची डबी दिसेना. सगळं घर पालथं घातलं. वर्षभराने गव्हाची कोठी रिकामी केली तेव्हा तळाशी निघाली. आतल्या मेणावर तिच्या बोटाचा ठसा तसाच होता. मी लिहिलं, "आजीची डबी गव्हाच्या कोठीत जडली."

आमच्याकडे वस्तू जडतेच, म्हणजे सापडते. चावी जडली का, चष्मा जडला का. गुजराती शब्द, पण पणजोबांपासून घरात आहे. तो बाहेरचा आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पहिला प्रतिसाद : "डबी कशी जडेल ताई? जडतो तो रोग." दुसरा : "किंवा प्रेम!" मग दोन पानं रोग, प्रेम, व्यसन, छंद हेच. आजीच्या बोटाच्या ठशाबद्दल कोणी काही लिहिलंच नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे आज कळतं. तेव्हा वाटलं, आपलं मराठी मराठीच नाही.

वाचणं मात्र एक दिवस सोडलं नाही. मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, २२ वर्षं. रात्रपाळीहून आले की चहा आणि वाचन. एकदा जुलाब झालेल्या मुलासाठी कोणीतरी सल्ला दिला, ओआरएसचं मोठं पाकीट कपभर पाण्यात कालवून द्या, लवकर गुण येतो. ते पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. कपभरात कालवलं तर मिठाचं प्रमाण इतकं होतं की मूल आणखी बिघडतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. उत्तर टंकलं. "कालवून" बरोबर की "काळवून" यावर अडले. पुसलं. दुपारी दुसऱ्या कोणीतरी चूक दाखवली, पण मधले पाच तास मला आजही टोचतात.

२०१९ मध्ये रात्री दोन चाळीसला एका आईने लिहिलं, बाळ सात आठवड्यांचं, ताप १०१, घरचे म्हणतात सकाळी बघू. कोणी जागं नव्हतं. मी होते. लिहिलं, "तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघायची नाही. मनाने औषध देऊ नका. आत्ताच्या आत्ता मुलांच्या डॉक्टरकडे न्या. जाताना पाजत राहा." ऱ्हस्वदीर्घ काही बघितलं नाही. साडेपाचला तिचं आलं, "ॲडमिट केलं. बरं झालं सांगितलंत."

तेव्हापासून लिहिते. तुम्ही का गप्प होतात, किंवा अजून आहात, ते सांगा. जे कधीच लिहीत नाहीत त्यांनी तर नक्की सांगा. इथे कोणाचा शब्द कोणी काढणार नाही. मी बघते.

प्राजु

अगं बाई, जडली! माझी आई रोज म्हणायची. मी पुण्याला लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमची जोडवी जडली," तर त्या घाबरूनच गेल्या. मग मीच सोडून दिला तो शब्द. आज वाचून डोळे भरले. अनघाताई, तुम्ही बाजवाड्यातल्या का?

अनघा_बडोदे

खारीवाव रोड गं. आता मांजलपूरला. तू?

प्राजु

नवा बाजार!! शाळा कुठली? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मंदार_ज

मला वेगळं म्हणायचंय. राग नसावा.

मी बडोद्याजवळच्या डभोईच्या छोट्या गाडीवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, मालिका लिहायचो. १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम रूळ टाकले आणि सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढायचे, तिथपासून सुरुवात. माणसांना भेटून, जुन्या वेळापत्रकांचे फोटो काढून, रविवारचे रविवार घालवले. पहिल्या भागाला वीस-बावीस प्रतिसाद. नवव्याला दोन, त्यातला एक माझाच, धन्यवादाचा. चौदाव्याला शून्य. वीस भागांचा बेत होता, तिथेच थांबलो. लिहिणाऱ्याला समोर भिंत आहे की माणूस आहे हे कळत नाही हो.

दोन वर्षांनी पुण्याला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ नाव ऐकून हात धुवायचे थांबले. "पंधरावा भाग कधी?" त्यांचे वडील त्या लाईनीवर गार्ड होते. दृष्टी गेलेली. हा मुलगा दर रविवारी त्यांना माझा भाग मोठ्याने वाचून दाखवायचा. चौदावा वाचला आणि पंधराव्याची वाट बघता बघता वडील गेले.

मी जेवलो नाही त्या दिवशी. एक शब्द लिहिला असता त्यांनी. "वाचतोय." बस, एवढाच.

विश्वामित्रीकाठी

मंदार, वाचतोय. तेव्हाही वाचत होतो, चौदाच्या चौदा भाग. प्रतापनगरला रेल्वेचा लहान गेजचा संग्रह आहे तिथे मुलाला घेऊन गेलो ते तुमच्यामुळे. तेव्हा लिहायला हवं होतं. पंधरावा टाका.

मंदार_ज

🙏 फाईल शोधतो.

स्मिता के

मंदारचं वाचून गलबलले. पण दुसरी बाजूही लिहितेच. माझ्या सासरच्या ग्रुपमध्ये ६१ जण आहेत. तिथे मी जे लिहीन त्याचा अर्थ जेवणाच्या टेबलावर लागतो. अंगठा कोणाला आधी दिला, कोणाच्या मुलाला अभिनंदन उशिरा का. निळी टिक दिसली तरी बोलणी. मग टिकच बंद केली. तिथे गप्प बसणं म्हणजे मला श्वास घ्यायला जागा आहे. तेव्हा गप्प माणसाला का म्हणून विचारताना जरा जपून.

(कुकर झाला, जाते)

काकू_दांडियाबाजार

स्मिता खरं आहे गं. मी पण टिक बंद केली. कशी करायची ते नातीने दाखवलं.

हर्षद_म

अवांतर : दांडियाबाजारचा विषय निघालाच आहे तर, पुण्याहून पाहुणे येतायत, सेवउसळ कुठली खिलवू? ते मिसळ मिसळ करत असतात.

काकू_दांडियाबाजार

मिसळ वेगळी आणि सेवउसळ वेगळी. उसळ वाटाण्याची हवी, तर्री वेगळ्या वाटीत आणि सेव जाड. पाव तळहातावर कुस्करायचा नाही, बुडवायचा. आणि लिलो चेवडो बांधून द्या बरोबर, ओलसर असतो, तीन दिवसांत संपवा म्हणावं.

आशिष_इलेक्ट्रिकल

ऑगस्ट २०२४ चा पूर सगळ्यांना आठवत असेलच. आमची सोसायटी विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ग्रुपवर तीन दिवस धो धो मेसेज. आजवा धरणात पाणी किती, काळ्या घोड्याच्या पुलाशी पाणी किती, २६ फुटांची धोक्याची खूण कधीच गेली, मगर दिसल्याचे व्हिडिओ, त्यात रोजचे सुप्रभात चालूच. मी चार वर्षांत त्या ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. नोकरी वीज वितरणातली. दिवसभर लोकांशी बोलूनच बोलणं संपतं.

रात्री अकराला खाली उतरलो तर पार्किंगमध्ये घोट्याइतकं पाणी आणि मीटरची पेटी गुडघ्याच्या उंचीवर. म्हणजे तासाभराचा खेळ. वर येऊन लिहिलं, "तळमजला आणि लिफ्टचा मेन आत्ता बंद करतोय. कोणी पाण्यात उतरून स्वतः हात लावू नका. मोबाईल चार्ज करायला दहा मिनिटं आहेत." बरोबर दहा मिनिटांनी लाईट घालवली. एकानेही वाद घातला नाही. शेजारचे नंतर म्हणाले, "तुम्ही कधी बोलत नाही, म्हणून लगेच ऐकलं."

त्यानंतर परत काही लिहिलेलं नाही तिथे. जरूर पडली नाही.

प्राजु

आशिषभाऊ काटा आला अंगावर.

नीलिमा_वाचनालय

मी आयुष्यभर गप्प वाचणाऱ्यांच्यातच वावरले. ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे या विषयावर थोडं लांबेल.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं. मग प्रश्न आला, पोरं वाचायला शिकली आणि पुढे हातात पुस्तकच आलं नाही तर शिकलेलं विसरतील. म्हणून ग्रंथालयं. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं, सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, गावोगावी वाचनालयं झाली. आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जायच्या. एक पेटी वाचून झाली की परत, मग दुसरी. मांडवीजवळच्या इमारतीत लोखंडी मांडण्या आणि काचेच्या लाद्यांचे मजले आहेत, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना मी चपला हातात घेतल्या होत्या.

तर सांगायचं हे, की पेटी नेणाऱ्या गावाला कोणी विचारलं नाही की तुम्ही बदल्यात काय लिहिलंत. वाचणं पुरेसं होतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

माझ्या वाचनकक्षात एक आजोबा रोज दहाला यायचे. पंच्याकडे झुकलेलं धोतर, हातात भिंग. वर्तमानपत्राची घडी उलगडताना कागदाचा आवाज होऊ नये म्हणून आधी दोन्ही हातांनी कड दाबून धरायचे. नऊ वर्षांत माझ्याशी एकदाच बोलले. मी बदली होऊन निघाले त्या दिवशी टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही पंखा वेळेवर लावायचात." मला त्यांचं नावसुद्धा रजिस्टरमधल्या सहीवरूनच माहीत.

अनघा, तुमच्या त्या ७४ वर्षांच्या मैत्रिणीला सांगा, काही लिहू नका. काढलं तर मी परत घ्यायला लावीन.

अनघा_बडोदे

नीलिमाताई, हे तिला वाचून दाखवते आजच.

टी_गायकवाडवाडी

मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो, टॉकबॅकवर. मी लिहीत नाही असं लोकांना वाटतं, पण निम्मे मेसेज माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. सुविचार, निमंत्रण, निधनाची बातमी सगळं फोटोत. माझा फोन फक्त "चित्र" म्हणतो आणि पुढे जातो. गेल्या वर्षी माझ्या वर्गमित्राच्या बाबतीत असंच झालं. तेराव्यानंतर कळलं. सगळ्यांना वाटलं मी साधा फोन केला नाही.

एवढीच विनंती, फोटोखाली दोन ओळी टंका.

स्मिता के

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून करते. बाकीच्या ग्रुपवर पण सांगते.

हर्षद_म

मीही. माफ करा दादा.

संदीप_रावपुरा

आकडा सांगू का? याकोब नील्सन म्हणून संकेतस्थळांच्या वापरावर काम करणारे तज्ज्ञ आहेत, त्यांनी २००६ मध्ये लिहिलं होतं की अशा मेळ्यांमध्ये साधारण ९० टक्के नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्काच बहुतेक सगळं लिहितो. म्हणजे अनघाताईंच्या मंडळात २७ गप्प हे काहीच नाही. उलट तुमचं मंडळ भलतंच बोलकं आहे म्हणायचं.

अनघा_बडोदे

२७ म्हणजे यादीतले. एकूण दोनशेच्या वर आहेत.

एक_ॲडमिन

मी दुसऱ्या एका ग्रुपचा ॲडमिन, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीने लिहितोय. आम्हीही गप्प नंबर तपासले होते. कारण हे : बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. आमच्याकडे एक काका वारले, त्यांचा नंबर कुठल्या तरी अनोळखी पोराकडे गेला, आणि ज्येष्ठांना एकेक करून पैसे मागणारे मेसेज यायला लागले. एका मावशींचे आठ हजार गेले. त्यामुळे कोण गप्प आहे हे बघावं लागतं.

पण आम्ही यादी लावली नाही. तिघांनी वाटून घेतले आणि फोन केले. "काकू, तुम्हीच ना?" एवढंच. ४० फोन, दोन संध्याकाळी. बहुतेक जण फोन ठेवेनात. एकीने वीस मिनिटं तिच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि ग्रुपवर अजूनही एक अक्षर नाही. चालतंय.

नीलिमा_वाचनालय

हे उत्तम केलंत. यादी भिंतीवर लावण्यात आणि फोन करण्यात फरक आहे.

केतकी_२१

एप्रिल २०२१. आम्ही चौघंही पॉझिटिव्ह, घरात. मी ग्रुपवर फक्त लिहिलं होतं की आई-बाबांना चव नाही, कोणाकडे घरगुती डबा मिळेल का. खाली काळजी घ्या, हात जोडलेले, गेट वेल सून, तीसेक मेसेज. दुसऱ्या दिवशी साडेबाराला बेल वाजली. दार उघडेपर्यंत जिन्यात कोणी नाही. कडीला पिशवी. मऊ भात, मेतकूट, वेगळ्या डबीत तूप, आणि लिंबाचं गोड लोणचं. चव नसलेल्या माणसाला काय जातं हे ठाऊक असलेल्या बाईचा डबा होता तो. चौदा दिवस आला. डब्यावर नेलपॉलिशने "वि" लिहिलेलं.

बरी झाल्यावर ग्रुपमधली नावं बघत बसले. वि ने सुरू होणाऱ्या तीन बायका. दोन बोलणाऱ्या, त्यांना विचारलं, त्या नाहीत. तिसरी कधीच काही न लिहिणारी. तिच्याकडे डबे धुऊन, आत तिळगूळ घालून द्यायला गेले तर म्हणाली, "अय्या, रिकामे आणले असतेस तरी चाललं असतं," आणि पोहे टाकायला आत गेली.

प्राजु

अनघाताई, तुमच्या त्या यादीत वि ने सुरू होणारं कोणी आहे का बघा.

अनघा_बडोदे

बघितलं. आहे.

आत्ताच मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. इथलं सगळं वाचून दाखवलं, ॲडमिनसाहेबांचं पण. रविवारचं रद्द नाही म्हणाले, पण "आधी फोन करू, तुम्ही किती घेता?" मी चौदा घेतले.

मंदार_ज

मला पाच द्या. पंधराव्या भागाची फाईल मिळाली, शनिवारी टाकतो. मियागाम जंक्शनचा पाणवठा आणि त्यावरचा भिस्ती.

काकू_दांडियाबाजार

मलाही द्या पाच. मला बोलायला आवडतं.

सुमन_व

नमस्कार. मी खूप वर्षांपूर्वी सभासद झाले होते. आज पहिल्यांदा लिहिते आहे. अनघाताईंची डबी तेव्हाही वाचली होती, मला तो ठसा अजून आठवतो. तेव्हा लिहायचं होतं पण मराठी टंकता येत नव्हतं, आणि सगळे हसत होते तिथे काय लिहिणार.

आज दुपारी आत यायला पासवर्ड आठवेना. मुलीच्या जुन्या शाळेच्या चोपडीत शेवटच्या पानावर जडला.

अनघा_बडोदे

सुमनताई.

अनघा_बडोदे

या, बसा. तुम्ही कुठल्या?

सुमन_व

बाबाजीपुरा. डबी आहे का अजून?

अनघा_बडोदे

आहे. मेण तसंच आहे. उद्या सकाळी उजेडात फोटो काढते. खाली दोन ओळी टंकीन.